भीमाच्या बरगड्या

परवा संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यासमोर माझ्या बरगड्या शोधण्याचा जाहीर कार्यक्रम झाला. शोधणारे वस्ताद, वय पंचाहत्तर, पंजा अजून फावड्याएवढा. बघायला अकरा पैलवान, एक दूधवाला आणि क्लासला निघालेली दोन पोरं. बरगड्या सापडल्या नाहीत.

खरं तर विषय माझ्या बरगड्यांचा नव्हताच, भीमाच्या होता. भीम म्हणजे आमचा ग्रेट डेन जातीचा कुत्रा. वय साडेचार महिने, वजन २७ किलो, म्हणजे गुळाच्या मोठ्या रव्याला, ढेपेला, तीनच किलो कमी. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या बोळात ग्रेट डेन कशाला, हा प्रश्न माझ्या मेहुण्याला विचारावा. नाव मुलीनं ठेवलं. तिथेच चुकलं. मोती, टायगर असलं काही ठेवलं असतं तर लोकांनी एवढी अपेक्षा धरली नसती. भीम म्हटलं की माणसाला गाडाभर अन्न आणि बकासुर आठवतो, आणि माझ्या हातात दिसतो वजनकाटा.

कारण हे पोर भरवायचं नसतं, मोजायचं असतं. जन्मताना जेमतेम अर्ध्या-पाऊण किलोचं पिल्लू वर्षभरात पन्नास किलोच्या पलीकडे जातं. त्या घाईत अंग पुढे आणि हाडं मागे राहिली की खुब्याचे, कोपराचे सांधे कायमचे बिघडतात. म्हणून मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाणं वेगळं मिळतं, तेही दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत द्यायचं आणि हात राखून द्यायचं. आमच्याकडे दिवसाला ४८० ग्रॅम. १६०, १६०, १६०. काटा बायकोचा, केक करायला आणलेला. गेल्या तीन महिन्यांत घरात केक झालेला नाही.

दर रविवारी भीमाचं वजन करायचं असतं. सुरुवातीला मी त्याला कडेवर घेऊन बाथरूममधल्या काट्यावर उभा राहायचो आणि त्यातून माझं वजन वजा करायचो. वजाबाकी मुलीकडे होती. तिनं माझा आकडा वहीत लिहिला, वही शाळेत गेली. तेव्हापासून आम्ही ओळखीच्या अडत्याकडे गुळाच्या काट्यावर जातो. तिथले हमाल भीमाला उचलून ठेवतात आणि "एक रवा, जरा कमी" असं ओरडतात. त्याला ते आवडतं.

आता कॅल्शियम. मला गेल्या तीन महिन्यांत "कसा आहेस?" असं कुणी विचारलेलं नाही. सगळे "कॅल्शियम चालू केलंस का?" असंच विचारतात. औषधाच्या दुकानातला पोऱ्या, दूधवाला, ऑफिसातला शिपाई, ज्यांनी आयुष्यात मांजरही पाळलं नाही असे साडू. खाण्याची गोणी घेतली तर दुकानदारानं वर कॅल्शियमची बाटली फुकट दिली. नको म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं, की मी हुंड्यातली अंगठी परत करतोय. घरी आईनं अंड्याची टरफलं साठवून, धुऊन, वाळवून मिक्सरमधून काढली होती. तिचं म्हणणं, "तुला मी चुन्याची निवळी पाजली म्हणून तू उभा आहेस."

आईला समजावणं सोपं नव्हतं. मी सांगितलं, की टरफलाच्या चमचाभर भुकटीत दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. वाढ पुरी झालेल्या कुत्र्याच्या अंगाला जास्तीचं कॅल्शियम नको म्हणता येतं, पण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ते जमत नाही. आतड्यात येईल त्यातला मोठा वाटा ते शोषूनच घेतं आणि मग हाडांची घडण बिघडते, पाय वाकडे होतात. हे कळलं तेही ग्रेट डेनच्याच पिल्लांवरून. १९८०च्या दशकात नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या विद्यापीठात त्यांना जास्तीचं कॅल्शियम घालून बघितलं होतं. पिल्लांच्या चांगल्या खाण्यात ते आधीच मोजून घातलेलं असतं. नुसतं मटण किंवा नुसती दूध-पोळी घालणाऱ्याच्या पिल्लाला उलट कमी पडतं आणि त्याचीही हाडं मोडतात. म्हणजे कमी वाईट, जास्तही वाईट. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नेदरलँडला निवळी मिळत नसेल." भुकटीचा डबा अजून फळीवर आहे. त्यातली पातळी मी रोज बघतो.

तर वस्ताद.

वस्तादांनी मला लहानपणापासून बघितलंय. दहाव्या वर्षी वडिलांनी मला त्यांच्या तालमीत घातलं होतं आणि आठव्या दिवशी मी मागच्या भिंतीवरून पळालो. वस्ताद ते विसरलेले नाहीत. त्यांच्या लेखी मी अजून त्या भिंतीवरच आहे. रोज संध्याकाळी ते कट्ट्यावर बसतात, आणि मला भीमाला घेऊन तिथूनच जावं लागतं.

"थांब," परवा ते म्हणाले. "ह्येला खायाला घालतोस का न्हाई?"

"घालतो की वस्ताद. तीनदा."

"किती?"

मी खरं सांगितलं. सांगायला नको होतं. "एका वेळेला १६० ग्रॅम."

कट्ट्यावर शांतता पसरली. एका पैलवानानं शेजारच्याला विचारलं, "ग्राम म्हंजे किती रं?" मला वाटतं, त्या तालमीत अन्नाच्या बाबतीत हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा.

"आरं, नाव भीम आन् अंग सुदाम्याचं!" वस्ताद उठले. "पोरावानी पोर, त्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. दूध किती?"

"दूध नाही. पचत नाही सगळ्यांना, जुलाब होतात."

"कोल्लापुरात ऱ्हाऊन दूध न्हाई!" त्यांनी दूधवाल्याकडे बघितलं. दूधवाल्यानं मान खाली घातली, जशी काही चूक त्याचीच होती. "मी ह्या वयाचा असताना…" इथे वस्ताद थांबले. साडेचार महिन्यांचे असताना ते काय करत होते, हे त्यांनाही आठवेना. "पंधराव्या वर्षी म्हशीखाली बसून चरवीभर दूध तोंडाला लावायचो. वर थंडाई. वर अर्धा किलो मटान. हजार बैठका. ह्येला मेहनत काय?"

"मेहनत नाही अजून. हाडांची टोकं कच्ची असतात. पळवायचं नाही, जिने चढवायचे नाहीत."

"म्हंजे खुराक बी न्हाई, मेहनत बी न्हाई. मग पाळलंय कशाला? रांगोळी काढायला?"

पैलवान हसले. इथे मी गप्प निघून गेलो असतो तर हा लेख झाला नसता. पण आमच्या डॉक्टरांनी मला एक परीक्षा शिकवली आहे आणि ती मला येते याचा मला अभिमान आहे. मी चारचौघांत ती करून दाखवायला गेलो.

"वस्ताद, हे बघा. मूठ वळायची आणि पेरांवरून बोट फिरवायचं. बरगड्या अशा टोचत असतील तर कुत्रं वाळलेलं. आता पंजा उघडून तळव्यावरून फिरवायचं. अशा मऊ, हाड लागतच नसेल तर लठ्ठ. आणि पंजा उलटा करायचा. ही हाताची पाठ. हाड लागतंय पण टोचत नाही. असं लागलं की प्रकृती उत्तम. बघा, भीमाच्या बरगड्या अशाच लागतात."

वस्तादांनी गंभीरपणे स्वतःची मूठ चाचपली, तळवा चाचपला, पाठ चाचपली. मग भीमाच्या कुशीवरून हात फिरवला. भीमानं त्यांचा कान चाटला. मला वाटलं, पटलं.

"ब्येस हाय," वस्ताद म्हणाले. "आता हिकडं ये." आणि त्यांनी माझा शर्ट वर केला.

अकरा पैलवान, एक दूधवाला, दोन पोरं. वस्तादांची बोटं काखेखालून निघाली ती कमरेपर्यंत आली. मग परत वर गेली. मधे एकदा "थांब, गावली जणू" म्हणाले, पण ते पाकीट निघालं. शेवटी त्यांनी एका पैलवानाला बोलावलं, "तू बघ रं, तुजी बोटं बारीक हायती." त्यानंही बघितलं. सापडेना. मग वस्तादांनी माझ्या पोटाचा एक भाग चिमटीत धरून वर उचलला, पोरांना दाखवला आणि निकाल दिला: "कुत्र्याचा खुराक हिकडं चाललाय."

मी तरीही हरलो नव्हतो. मी त्यांना लॅब्राडॉरचा प्रयोग सांगितला. अमेरिकेत ४८ पिल्लांच्या जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला जेवढं मिळायचं त्याच्या पाव हिस्सा कमी दुसऱ्याला, असं त्यांच्या मरेपर्यंत केलं. २००२ साली निकाल छापून आला. कमी खाणारे जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले.

"दोन वरसं जास्त?"

"जवळजवळ."

"उपाशीच न्हवं पर?"

याला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही. अंघोळ करताना मी रोज प्रयत्न करतो.

इथपर्यंत मी हसून सोडून दिलं असतं. पण वस्ताद नुसतं बोलून थांबणारे नव्हेत. काल सकाळी ते बारीक बोटांचं पोर आमच्या दारात आलं. मी आत दाढी करत होतो. बाहेर येऊन बघतो तर भीम ओठ चाटतोय आणि पोर हात झटकतंय.

"काय दिलंस?"

"बेदाणं. वस्तादांनी धाडलं. तासगावचं हायती, एक नंबर."

लोकहो, बेदाणे. द्राक्षं आणि बेदाणे खाऊन कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एखाद्याला काही होत नाही, एखादा थोड्याशा दाण्यांनीही जातो, आणि आपला कोणता ते आधी कळत नाही. संशय त्यातल्या टार्टारिक आम्लावर आहे, जे चिंचेतही असतं. पण सकाळी साडेसात वाजता अर्ध्या दाढीनं हे त्या पोराला कसं सांगणार? मी भीमाला रिक्षात कोंबलं. रिक्षावाल्यानं दोन माणसांचं भाडं घेतलं आणि ते बरोबरच होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "किती खाल्ले?"

"मूठभर."

"कुणाची मूठ?"

"पैलवानाची."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि ताबडतोब इंजेक्शन भरलं. मग भीमानं तासगावचा एक नंबर माल त्यांच्या स्वच्छ फरशीवर परत केला आणि पुन्हा खायला वाकला. त्याला आवरताना माझी उरलेली दाढीही भरली. सलाईन, रक्ताची तपासणी, उद्या पुन्हा तपासणी. बिल ३,८०० रुपये. एक दिवसाची रजा, बिनपगारी. रिपोर्ट चांगला आला हे खरं, पण तो चांगला येईपर्यंत माझ्या मुलीनं खाल्लं नाही, हेही खरं.

आणि बोळात काय पसरलं? "ह्यानं कुत्र्याला ओकारी काढून पोटातलं अन्न बाहेर काढलं." वस्तादांनी एवढंच विचारलं म्हणे, "सगळं वर आलं? आरारा. साडेतीनशे रुपये किलोचा माल." चुकलं असं कुणी म्हणालं नाही. आईसुद्धा म्हणाली, "त्यांनी प्रेमानं दिलं होतं." मला याच वाक्याची चीड आहे. या गावात आजवर मला जे जे घशाखाली उतरवावं लागलं ते प्रेमानंच दिलेलं होतं. माझ्या मुलीला येणारी प्रत्येक बाई "वाळलीस गं" म्हणते, माझ्या साखरेचा रिपोर्ट माहीत असलेली आत्या पानात तिसरी पुरणपोळी वाढते, आणि शेजारी पांढऱ्या रश्श्याची वाटी घेऊन येतात "भीमाला". त्यात कांदा-लसूण असतो, तोही त्याला चालत नाही. मी ती वाटी दारात हसून घेतो आणि मागच्या दारी जाऊन पितो. बरगड्या लागणार कुठून?

आज मी मागच्या बोळानं गेलो. लांब पडतं, तिथे गटार उघडं आहे, पण तालीम लागत नाही. निदान माझी तशी समजूत होती. बोळाच्या तोंडाशी वस्ताद दूध घ्यायला उभे. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. भीमासमोर खाली बसले, गुडघे कटकन वाजले.

"जेवलास का रं?" त्यांनी विचारलं.

घरातून निघण्याआधी दहा मिनिटं मी स्वतः १६० ग्रॅम मोजून घातले होते. काट्यावर १६३ आले म्हणून चार दाणे काढून डब्यात परत टाकले होते. भीमानं वस्तादांकडे बघितलं, कान पाडले, पोट आत ओढलं आणि असा एक लांब सुस्कारा टाकला, की दूधवाला माप भरता भरता थांबला. माझाही हात खिशातल्या वहीकडे गेला, आजची नोंद बघायला.