फोटोफेशियलचा फॉरवर्ड आणि आपली सावळी कातडी

लग्नसराई जवळ आली की हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरू लागतो: “फोटोफेशियल म्हणजे लेझरच. एका सिटिंगमध्ये उन्हाचे डाग, वांग, सुरकुत्या साफ. कुठल्याही रंगाच्या त्वचेला चालतं, दुष्परिणाम शून्य, रिझल्ट कायमचा.” सोबत ठिपक्याठिपक्यांच्या गोऱ्या बाईचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो. आमच्या घरच्या ग्रुपवर तो या महिन्यात तीनदा आला, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

हे लेझर नव्हे. लेझरमध्ये एकाच तरंगलांबीचा प्रकाश असतो. फोटोफेशियलमध्ये आयपीएल, म्हणजे ‘इंटेन्स पल्स्ड लाइट’, वापरतात. तो झेनॉनच्या दिव्याचा झगझगीत झोत, साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटर तरंगलांबीचा. फिल्टर लावून त्यातला नको तो भाग गाळतात.

“कुठल्याही रंगाच्या त्वचेला” हे त्यातलं सगळ्यात घातक वाक्य. या उपचारामागचं तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी संशोधकांनी १९८३ मध्ये मांडलं: नेमका प्रकाश नेमका तेवढाच वेळ टाकला, की तो शोषून घेणारा घटक तापतो आणि आजूबाजूची त्वचा वाचते. डागात तो घटक म्हणजे मेलॅनिन, त्वचेला रंग देणारं द्रव्य; लाल केशवाहिन्यांत हिमोग्लोबिन. फोटोतल्या बाईच्या चेहऱ्यावर मेलॅनिन ठिपक्यांपुरतं आहे, म्हणून तिला गुण येतो, आणि खरंच चांगला येतो. आपल्याकडे ते चेहराभर पसरलेलं असतं. प्रकाशाला डाग कुठला आणि कातडी कुठली हे कळत नाही. तो दोन्ही तापवतो. मग भाजतं, फोड येतात, मागे काळे किंवा पांढरे चट्टे राहतात, कधी तर मशीनच्या काचेच्या मापाचे चौकोनी. फिट्झपॅट्रिक मोजपट्टीवर त्वचेचे सहा प्रकार आहेत, अगदी गोऱ्यापासून अगदी काळ्यापर्यंत. आयपीएल मुख्यतः पहिल्या तिनांसाठी सोयीचं, आणि भारतीय त्वचा बहुतेक चौथ्या-पाचव्यात बसते. चौथ्या प्रकारावर जाणकार डॉक्टर ते करतात, पण ऊर्जा कमी ठेवून, फिल्टर बदलून, आधी कानापुढच्या छोट्या जागेवर टेस्ट करून. पार्लरमध्ये पॅकेज विकणाऱ्या मुलीने यातलं काही विचारलं नाही, तर तिथून उठा.

वांगाचं तर आणखीच अवघड. तो नुसत्या उन्हाने येत नाही. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, घराण्यातला कल हेही त्यामागे असतं, आणि उष्णतेनेही तो चाळवतो. आयपीएलने थोडे दिवस फिका पडून पुन्हा, कधी आधीपेक्षा गडद, उमटलेला वांग त्वचारोगतज्ज्ञांना चांगला ओळखीचा आहे. त्यावर आधी मलमं आणि आयर्न ऑक्साइडचं रंगीत सनस्क्रीन.

सुरकुत्या? बारीक रेषा थोड्या मऊ होतात. खोल घड्या आणि लोंबलेली कातडी तशीच राहते. एक सिटिंगही पुरत नाही. तीन ते पाच लागतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. मधल्या काळात डाग कॉफीच्या पुडीसारखे काळपट होऊन गळतात, ते बघून घाबरू नये.

“दुष्परिणाम शून्य” लिहिणाऱ्याने डोळ्यांचा विचार केलेला नाही. भुवयांजवळ नीट आडोसा न करता झोत मारल्याने डोळ्यातल्या बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला इजा झालेले रुग्ण नोंदलेले आहेत. नुकतेच गोव्याच्या किनाऱ्यावरून रापून आला असाल, तर तोही धोकाच.

राहिलं “कायमचा”. ऊन रोजचं, त्यामुळे डागही परत येतात. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आले: रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत त्वचा म्हातारी होण्याचं प्रमाण मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी.

आणि एक, फॉरवर्डमध्ये नसलेलं. वाढणारा, रंग बदलणारा किंवा कडा वेड्यावाकड्या असलेला डाग कधीकधी कर्करोगाचा असतो. त्यावर आधी झोत मारला तर वरचा रंग जातो आणि निदान लांबतं. असा डाग आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.