कोमट इंजिन

माझ्या मासेमारीची अडचण साधी होती. मी काठावर आणि मासे मध्यभागी. गळ फेकून फेकून माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा ठळक झाला, पण हे अंतर काही कमी झालं नाही. शेवटी होडी घ्यायचं ठरवलं. नवी घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून वापरलेली. पुष्कळ बघून झाल्यावर दोन मनात भरल्या, आणि पुढचे सहा आठवडे मी घरात असून नसल्यासारखा होतो, असं बायको सांगते.

पहिली फायबरची, 16 फुटी, निळी, चकचकीत. मागे 40 अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून टांगायचं इंजिन. दुसरी ॲल्युमिनियमची, 14 फुटी, रंग उडालेली, जुन्या पातेल्यासारखे जागोजागी पोचे पडलेली. तिच्या मागे 25 अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक. ते मात्र इतकं निगुतीनं ठेवलेलं, की इंजिनाला होडी जोडून दिली आहे असं वाटावं. किंमत दोन्हींची जवळपास सारखी. म्हणजे दोन्ही मला सारख्याच परवडत नव्हत्या.

सल्ला विचारायला गेलो तेव्हा कळलं की या जगात दोन पंथ आहेत आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार नाही. टू-स्ट्रोकवाले म्हणाले, वजनाला हलकं, सुटे भाग कमी, आणि खटका दाबताच होडी कशी उसळी घेते! पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, बहुतेक इंजिनांना 50 भागांना 1 भाग, ते काय कुणीही मिसळेल. ("कुणीही" म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि जरा थांबले.) फोर-स्ट्रोकवाले म्हणाले, छे, तेल कसं मोटारीसारखं खाली वेगळं हवं, पेट्रोल कमी पितं, धूर नाही, आवाज नाही. आवाज नाही हे मात्र शंभर टक्के खरं. पुढे पहिल्याच फेरीला चालू इंजिनाची किल्ली मी पुन्हा फिरवली आणि जो खर्रर्र आवाज आला, तो ऐकून शेजारच्या होडीतल्या माणसानं स्वतःचं इंजिन बंद करून तपासलं.

पहिली होडी बघायला मेव्हण्याला बरोबर नेलं. त्याला इंजिनातलं कळतं. निदान इंजिनासमोर तो गप्प उभा राहतो तेव्हा कळत असावं असं वाटतं. मालक हसतमुख. "साहेब, वापर अगदी कमी. फक्त गोड्या पाण्यात चालवलीय." मेव्हणा काही बोलला नाही. इंजिनाच्या झाकणावर त्यानं तळहात ठेवला, लहान मुलाचा ताप बघतात तसा. मग माझा हात धरून तिथे ठेवला. झाकण कोमट होतं.

"गरम आहे," मी म्हणालो.

"तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून ठेवलं," मालक म्हणाले.

किती आतिथ्यशील माणूस, असं मला वाटलं. मेव्हणा मला बाजूला घेऊन म्हणाला, "भावोजी, थंड इंजिन चालू व्हायला त्रास देत असेल तरच माणूस आधी गरम करून ठेवतो. बघायला जायचं ते थंड इंजिन." माझ्या आतिथ्याच्या कल्पनेला त्या दिवशी जो तडा गेला तो अजून सांधलेला नाही.

मग त्यानं खिशातून लाकडी हातोडी काढली. फायबरच्या होडीत, जिथे इंजिन टांगतात त्या मागच्या फळीच्या पोटात बहुधा प्लायवूड असतं. स्क्रूच्या एखाद्या भोकातून पाणी आत मुरलं की ते प्लायवूड वर्षानुवर्षं गुपचूप कुजतं आणि बाहेरचा रंग मात्र हसत राहतो. म्हणून ठोकून ऐकायचं. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर नमस्कार करून निघायचं. मेव्हणा ठोकत होता, मी मान डोलवत होतो आणि मालक डोळे मिटून उभे होते. पाऊण तास ही मैफल चालली. एकही बद्द स्वर लागला नाही. नंतर इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकाला लोंबकळून बघितलं, तरी फळी केसभर हलली नाही. होडी ठणठणीत होती.

इंजिन तसं नव्हतं. मेव्हण्यानं स्पार्क प्लग काढले, त्या जागी सिलिंडरमधला दाब मोजणारा गेज बसवला आणि स्टार्टर मारला. तीन सिलिंडर: 120, 118 आणि 90. आकडा किती यापेक्षा सगळे आकडे एकमेकांजवळ असणं महत्त्वाचं असतं. दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला की काळजी करायची. "हा तिसरा जरा लाजतोय," मालक म्हणाले.

दुसऱ्या होडीचे मालक म्हातारे होते आणि शब्दांच्या बाबतीत चिकट. इंजिन गार होतं, पहिल्या झटक्यात सुरू झालं. बाजूच्या छिद्रातून थंडाव्याच्या पाण्याची धार पेन्सिलीएवढी, सरळ, न तुटता पडत होती. ही धार म्हणजे पाणी ओढणारा आतला रबरी पंखा जिवंत असल्याची खूण. दर दोन-तीन वर्षांनी तो बदलावा लागतो, आणि इंजिन कोरडं चालवलं तर बघता बघता जळून जातो. खालच्या गियरचं तेल काढून बघितलं, स्वच्छ. दुधाळ असतं तर सील गेलंय आणि आत पाणी शिरलंय असं समजायचं. मेव्हण्याच्या चेहऱ्यावर मी लग्नातसुद्धा न पाहिलेला आनंद होता.

"काका, होडी गळते का?" मी विचारलं.

"होडी आहे," काका म्हणाले.

पत्रे रिव्हेटच्या खिळ्यांनी जोडलेली ॲल्युमिनियमची होडी कुठे गळते हे शोधण्याची पद्धत मला त्या दिवशी समजली, आणि ती शोधणाऱ्याला मी मनोमन नमस्कार केला. होडी ट्रेलरवर ठेवायची आणि तिच्यात नळीनं पाणी सोडायचं. फार नाही, वीतभर. मग खाली वाकून बघायचं, पाणी कुठून बाहेर येतं. बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून आत पाणी भरून ते बाहेर जातंय का ते पाहायचं! मी ट्रेलरखाली उताणा झोपलो, हातात खडू. एक थेंब कपाळावर. खडूनं गोल केला. दुसरा डोळ्यात. गोल. तासाभरात होडीच्या पोटावर अकरा गोल आणि माझ्या शर्टावर एकही कोरडी जागा नाही. काका खुर्चीवर बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "बारा आहेत." बारावा खरंच होता, चाकाच्या मागे.

म्हणजे एकीचं अंग चांगलं, दुसरीचं हृदय. त्या रात्री तीन वाजता मला साक्षात्कार झाला आणि मी बायकोला उठवलं. दोन्ही घ्यायच्या! या होडीवर ते इंजिन लावायचं, उरलेलं विकून टाकायचं. ती म्हणाली, "माप घेतलंस?" आणि कूस बदलून झोपली. सकाळी माप घेतलं. आउटबोर्डच्या दांड्याच्या लांबीची मापं ठरलेली असतात. आखूड म्हणजे 15 इंच, लांब म्हणजे 20, आणि मागची फळीही तेवढ्याच उंचीची लागते. निळीची फळी 20 इंच, फोर-स्ट्रोकचा दांडा 15. जोडलं असतं तर होडी ढकलणारा पंखा पाच इंच वर राहून अर्धं पाणी आणि अर्धी हवा घुसळत बसला असता. इंजिनानं किंचाळायचं, होडीनं जागेवर थांबायचं. आमच्या ऑफिसातल्या मीटिंगा अशाच चालतात, पण त्यासाठी मी पैसे मोजत नाही.

पहिल्या यशस्वी आउटबोर्डची आख्यायिकाही मी याच काळात वाचली. ओले एव्हिनरुड नावाच्या माणसानं भावी पत्नीसाठी वल्ही मारत आइसक्रीम आणलं, ते वाटेत वितळलं, आणि त्या रागातून इंजिनाची कल्पना सुचली. 1909 मध्ये त्याची इंजिनं विक्रीला आली. मला एवढंच वाटलं, की त्या दिवशी ऊन जरा कमी असतं तर मी आज निवांत वल्ही मारत असतो.

ॲल्युमिनियमची घेतली. रिव्हेट ठोकून घट्ट करता येतात, नाहीतर बदलता येतात. सिलिंडरचं काम काढलं की होडीपेक्षा बिल मोठं होतं. निघताना काकांनी आयुष्यातलं सर्वांत लांब वाक्य बोलून दाखवलं: "हंगाम संपला की कार्बोरेटर रिकामा कर, पेट्रोल आत ठेवू नकोस." मी हो म्हणालो. बारापैकी नऊ ठिकाणं बंद झाली, उरलेल्या तिघांशी एका डब्यानं जमवून घेतलं, आणि मासे आता मला मध्यभागी भेटत नाहीत, कारण मी तिथे पोचल्यापासून ते काठाकडे असतात.

पेट्रोल अर्थातच आत राहिलं. दोन हंगाम राहिलं. आता थंड इंजिन सुरू करायला चौदा-पंधरा झटके लागतात, एकदा तापलं की मग सोनं. गेल्या महिन्यात होडी विकायला काढली. एक तरुण दहा वाजता येणार होता. साडेनऊला मी सहज खाली गेलो, सहज इंजिन सुरू केलं, सहज दहा मिनिटं चालवलं. मग तो कोमट तळहात आठवला. झाकणावर दोन बादल्या गार पाणी ओतलं आणि खिशात हात घालून उभा राहिलो.

तरुण आला. काही न बोलता त्यानं झाकणावर तळहात ठेवला, समाधानानं मान हलवली. मग हात उचलून त्याकडे बघितलं.

"थंड आहे," तो म्हणाला. "पण काका, हे ओलं कसं?"