वेकबोर्डिंगला हेल्मेट घालायचं का? केबलवर हो, बोटीमागे आधी हेल्मेट बघा

सुट्टीत थायलंडला किंवा आणखी कुठे जाऊन पहिल्यांदा वेकबोर्डवर, म्हणजे दोरीने पाण्यावरून ओढल्या जाणाऱ्या फळीवर, उभं राहायचा बेत असेल, तर हे आधी वाचा. या विषयावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, पाण्यातच तर पडायचंय, डोक्याला काय होणार. दुसरं म्हणतं, हेल्मेटमध्ये पाणी भरतं आणि मान मोडते, म्हणून न घातलेलंच बरं. दोन्ही मतं अर्धवट आहेत आणि दोन्हींमुळे माणसं जखमी होतात.

आधी जागा ओळखा. वेकबोर्ड दोन प्रकारे ओढला जातो, बोटीमागे किंवा केबलवर. केबल म्हणजे तळ्याभोवती पाच-सहा खांबांवर फिरणारी तार. तिला लटकलेली दोरी तुम्हाला साधारण ताशी 30 किलोमीटरने ओढत नेते. जर्मनीत ब्रुनो रिक्सेन यांनी ही केबल बनवली ती वॉटर-स्कीसाठी, तेव्हा तळं मोकळं असायचं. वेकबोर्ड आले आणि त्याच तळ्यात उडी मारायचे उतार, घसरायचे लांब पाइप आणि पेट्या बसल्या. हे अडथळे कडक प्लॅस्टिकचे असतात, खाली लोखंडी सांगाडा असतो, आणि त्यावर पडणं म्हणजे फरशीवर पडणं. म्हणून अडथळे असलेल्या केबलवर हेल्मेट घालायचं की नाही यावर माझ्या मते चर्चाच नको.

"मी अडथळ्यांकडे फिरकणारच नाही, नुसत्या फेऱ्या मारणार," असं म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मोठ्या केबलवर एकाच वेळी बरेच जण ओढले जात असतात. तुम्ही पडलात की लाइफ जॅकेट तुम्हाला तरंगत ठेवतं आणि पाण्याबाहेर फक्त डोकं उरतं. मागून येणाऱ्याचा बोर्ड साधारण 140 सेंटीमीटर लांब असतो आणि त्याची कड नेमकी तुमच्या डोक्याच्या उंचीवरून जाते. तो नवशिका असेल तर त्याला वळवताही येत नाही. तुमच्या हातून सुटलेलं हँडलही दोरीच्या टोकाला उड्या मारत जातं. म्हणून पडलात की आधी मागे बघा, हात वर करा आणि ओढीच्या रेषेला आडवं पोहत बाहेर पडा. हे सगळं करेपर्यंत डोक्यावर कवच असलेलं बरं.

बोटीमागचं गणित वेगळं आहे. तिथे अडथळे नसतात, मागून कोणी येत नाही. नेहमीचा शत्रू म्हणजे कड अडकणं. बोर्ड पाण्यावर सपाट चाललेला असतो, वजन किंचित पुढे सरकतं, चवड्याकडची कड पाण्यात रुतते आणि बोर्ड जागच्या जागी थांबतो. दोरी मात्र ओढतच असते. हात वर करायलाही वेळ मिळत नाही, तोंड सरळ पाण्यावर आपटतं. टाचेकडची कड रुतली तर डोक्याची मागची बाजू आपटते, आणि ते जास्त वाईट, कारण पडतोय हे कळतच नाही. अमेरिकेत 2001 ते 2003 या काळात आपत्कालीन विभागात आलेल्या जखमींची नोंद तपासली गेली, तेव्हा वेकबोर्डवाल्यांच्या दुखापतींत डोक्याच्या दुखापती सुमारे 29 टक्के निघाल्या, वॉटर-स्कीवाल्यांच्या जेमतेम 4 टक्के. दोन्ही पाय एकाच फळीला आडवे बांधलेले असतात, त्याचा हा परिणाम असावा.

आता मान मोडण्याच्या भीतीकडे वळू. ती भीती खोटी नाही, पण ती हेल्मेटच्या आकारावर अवलंबून आहे. ताशी 30 किलोमीटर वेगाने पाणी थेट आदळलं तर दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक तृतीयांश किलोचा जोर बसतो. कपाळापाशी 15 सेंटीमीटर लांब आणि 1 सेंटीमीटर रुंद फट राहिली असेल तर तो जोर पाचेक किलो होतो. मान तेवढं सहज पेलते. पण हेल्मेटला पुढे टोपीसारखी 15 बाय 6 सेंटीमीटरची झडप असेल तर तोच आकडा 30 किलोच्या वर जातो, आणि तो सगळा मानेला मागे झटका देतो. म्हणून झडप नको, ढिलेपणा नको, पुढे आलेली कड नको. कवच डोक्याला चिकटून बसणारं, गुळगुळीत आणि हलकं हवं.

घरात आहे म्हणून दुचाकीचं हेल्मेट तर मुळीच नेऊ नका. त्यावर आयएसआय शिक्का असला तरी तो रस्त्यासाठीचा आहे. हनुवटीचा भाग पाणी ओंजळीसारखा धरतो, आतलं अस्तर भिजून जड होतं, हाका ऐकू येत नाहीत. सायकलचं हेल्मेटही नको. त्याच्या आत थर्मोकोल असतो, एकदा दबला की परत फुगत नाही, आणि केबलवर तुम्ही तासाभरात वीस वेळा पडणार. पाण्याच्या हेल्मेटमध्ये चपलेच्या सोलसारखा लवचीक फोम असतो, तो पुन्हा मूळ आकाराला येतो. आत ईएन 1385 असं छापलेलं असतं का ते बघा, हा कयाक आणि खळाळत्या पाण्यातल्या खेळांसाठीचा युरोपीय निकष आहे.

पण त्या छाप्याचा अर्थही समजून घ्या. या निकषाच्या चाचणीत आदळण्याचा वेग सेकंदाला 2.5 मीटर असतो, म्हणजे जेमतेम 32 सेंटीमीटर उंचीवरून पडल्याइतका. सायकलच्या युरोपीय निकषात हाच वेग 5.42 मीटर आहे, म्हणजे दीड मीटर उंची. त्यामुळे पाण्याचं हेल्मेट घातलं म्हणजे उंच उडी मारून पाइपवर डोकं आपटायची मुभा मिळाली, असं नाही. ते बोर्डाच्या कडेचा, हँडलचा, पेटीच्या कोपऱ्याचा घाव अडवतं. मेंदू आतल्या आत हलतो ते कोणतंच हेल्मेट पूर्ण थांबवत नाही.

भाड्याचं हेल्मेट घेताना घाई करू नका. आधी उलटं करून आत बघा. फोम कवचापासून सुटलाय का, अंगठ्याने दाबल्यावर परत येतो का, बक्कल बसताना खट्ट आवाज येतो का. मग डोक्यावर ठेवा. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटांवर हवी, मागे कलंडलेली नको. पट्टा हनुवटीखाली इतकाच घट्ट की एक बोट कसंबसं जाईल. आता कड धरून हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवा. कपाळाची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे. हेल्मेट सरकलं आणि कातडी जागेवरच राहिली, तर एक माप लहान घ्या. शेवटी मागून वर ढकलून बघा. पुढे घसरून डोळ्यांवर आलं तर तेही बाद. केस लांब असतील तर अंबाडा वर नको, मानेपाशी सैल वेणी घाला. अंबाड्यावर हेल्मेट तरंगतं आणि पहिल्याच पडण्यात तिरपं होतं.

कानांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण नवखे लोक त्याचा विचारच करत नाहीत. कुशीवर पडलं की पाण्याची सपाट थप्पड कानावर बसते आणि पडदा फाटू शकतो. गार पाणी आत शिरलं की गरगरायला लागतं आणि वर कुठे, खाली कुठे हेच कळेनासं होतं. अशा वेळी लाइफ जॅकेट हाच आधार असतो. म्हणून कान झाकणारं हेल्मेट घ्या, पण झाकणीला पाणी निघून जायला भोकं हवीत आणि ती कानाशी सपाट बसायला हवी. वाटीसारखी बाहेर आलेली झाकणी असेल तर ती काढून ठेवा, कारण ती झडपेचंच काम करते.

हेल्मेटवर कॅमेरा लावू नका. कॅमेऱ्याचा दांडा पाणी पकडतो, दोरी पकडतो, आणि डोकं वळवून टाकतो. व्हिडिओ किनाऱ्यावरून कोणी तरी काढेल.

मग बोटीमागे घालायचं का? पहिल्या पाच-सहा वेळांना घालावं, असं माझं मत आहे. बोट हळू ठेवा, ताशी 25 ते 28 किलोमीटर पुरे, आणि बोटीत मागे बघणारा एक माणूस चालकाव्यतिरिक्त हवाच. पण उपलब्ध हेल्मेट वरच्या कसोट्यांना उतरत नसेल, तर बोटीमागे ते काढून ठेवणंच शहाणपणाचं. केबलवर मात्र नीट बसणारं हेल्मेट मिळालं नाही तर त्या दिवशी अडथळ्यांचा नाद सोडा आणि दोन खांबांच्या छोट्या शिकाऊ केबलवर जा. तिथे एका वेळी एकच जण असतो, चालवणाऱ्याच्या हातात वेग असतो आणि पडलात की तार थांबते.

लहान मुलांना मोठ्यांचं हेल्मेट आत टॉवेल कोंबून घालणारे पालक असतात. तसं कृपा करून करू नका. ओला टॉवेल सरकतो, हेल्मेट मागे जातं आणि पट्टा गळ्यावर येतो.

आणि डोकं आपटल्यावर कोणी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, उजेड सहन होत नसेल, मळमळत असेल किंवा डोकं ठणकत असेल, तर हेल्मेट होतं की नव्हतं हे बघत बसू नका. त्याला पाण्याबाहेर काढा आणि त्या दिवशी परत बोर्डवर जाऊ देऊ नका. गाडी दुसऱ्याने चालवावी. उलटी झाली, झोप आवरेना किंवा बोलणं अडखळायला लागलं तर थेट दवाखाना गाठा.