वर्धेपलीकडचा पव्वा

आमच्या घरच्या ग्रुपवर दारूबंदीचा विषय निघाला की पुढचे दोन दिवस कोणी 'शुभ सकाळ'सुद्धा टाकत नाही. आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातले. १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात बंदी आली, २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने ती उठवायचं ठरवलं, आणि घरात तेव्हा पडलेले दोन तट अजून तसेच आहेत. धाकटा भाऊ बुडालेल्या महसुलाचे आकडे टाकतो. मामी काही टाकत नाही, ती फोन करते.

मी भावाच्या बाजूचा. बंदीच्या काळात दारू मिळायची थोडीच थांबली होती? वर्धा नदी ओलांडली की पलीकडे वणी, यवतमाळ जिल्हा, तिथे सगळं उघडं. पव्वा नदी उतरून अलीकडे आला की दुप्पट-तिप्पट दराने जायचा. कोळसा खाणीतून सुटलेला मामा आधी पगारातला अर्धा प्यायचा, बंदीत तेवढ्याच दारूला सगळा पगार जाऊ लागला. मामीचं म्हणणं वेगळं. ती म्हणते, दुकान बंद झालं तेव्हा निदान चौकातून घरी येताना मान वर करून येता येत होतं.

मी राहतो तो अमेरिकेतला सिनसिनाटी हा एकेकाळी दारू-बिअरवर पोसलेला गाव. ओहायो राज्यात, ओहायो नदीच्या काठावर, पलीकडे केंटकी राज्य. शहराच्या मधून कालवा जायचा, त्याच्या उत्तरेला जर्मन वस्ती. लोक कालव्यालाच थट्टेने जर्मनीतल्या नदीवरून 'ऱ्हाइन' म्हणायचे आणि वस्तीला 'ओव्हर-द-ऱ्हाइन', म्हणजे ऱ्हाइनपलीकडची. कालवा बुजला (त्याच्या पात्रात भुयारी रेल्वे खोदली, ती आजतागायत धावलेली नाही, सरकारी कामं सगळीकडे सारखीच), वस्तीचं नाव मात्र राहिलं.

त्या वस्तीच्या पोटात बिअरची तळघरं आहेत. मागच्या जुलैत पाहायला गेलो. वर घामाच्या धारा, आणि अरुंद जिना उतरून खाली गेलो तर बायकोने ओढणी अंगाभोवती गुंडाळली. विटांच्या उंच कमानी, भिंतींना ओल. लागर जातीची बिअर महिना-दोन महिने थंडीत मुरावी लागते, आणि शीतयंत्रं येण्याआधी थंडी मिळायची ती जमिनीखालीच. हिवाळ्यात गोठलेल्या पाण्याचा बर्फ कापून आत रचायचा, शेजारी पिंपं. मला आजोळचं ज्वारीचं पेव आठवलं. फक्त यातून बैलगाडी सहज वळली असती.

ख्रिश्चन मोअरलाइन हा बव्हेरियातून आलेला लोहार. १८५३ साली त्याने इथे बिअर करायला घेतली आणि पुढे त्याचा कारखाना ओहायोतला सगळ्यात मोठा झाला. पुढे अमेरिकेत दारूबंदी आली, तीत तो बंद पडला आणि परत उघडलाच नाही. आज त्या नावाची बिअर मिळते, पण ते नाव नंतर दुसऱ्यांनी उचललेलं.

मला जास्त रस वाटला तो कारखान्यापेक्षा गुत्त्याच्या हिशेबात. इथे त्याला सलून म्हणत, आपलं केस कापायचं नव्हे. पाच सेंटला ग्लास आणि सोबत खाणं बऱ्याच ठिकाणी फुकट. फुकट कसं परवडायचं? तर जागेचं भाडं, काउंटर, आरसे, परवान्याचे पैसे, सगळं बिअरचा कारखाना भरायचा. बदल्यात गुत्त्यात बिअर विकायची ती त्याच कारखान्याची. १९०६ साली ओहायोने गुत्त्यावरचा वार्षिक कर १००० डॉलरवर नेला. हेतू असा की फुटकळ गुत्ते बंद पडावेत. झालं उलटं: ज्याला तो कर झेपेना तो आणखी घट्ट कारखान्याच्या दावणीला बांधला गेला. मग कर्ज फेडायला उशिरापर्यंत उघडं ठेव, रविवारी मागचं दार उघड, पगाराच्या दिवशी उधारी वाढव. गिऱ्हाईक जितकं बुडेल तितका मालक तरणार.

बायका चिडल्या त्या यावर. इथून तासा-सव्वा तासावर हिल्सबरो म्हणून गाव आहे. १८७३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तिथल्या बायका प्रार्थना म्हणत गुत्त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना मताचा अधिकार नव्हता. दारूबंदी मागत चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेलेल्या आपल्या बायका मला त्यांच्या सख्ख्या बहिणी वाटतात.

जिल्हाबंदीही इथे करून झाली. १९०८ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला, म्हणजे इथल्या जिल्ह्याला, मतदान करून गुत्ते बंद करायची मुभा मिळाली. वर्षभरात ८८ पैकी निम्म्याहून जास्त काउंट्या कोरड्या. सिनसिनाटी ओलंच राहिलं. पुढे पहिलं महायुद्ध आलं, जर्मन म्हणजे शत्रू ठरला, ब्रेमेन स्ट्रीटचा रिपब्लिक स्ट्रीट झाला. बिअरवाल्यांच्या बाजूने बोलायला कोणी उरलं नाही. ओहायोत बंदी लागू झाली ती तारीखही २७ मे, साल १९१९. मग देशभर बंदी आली आणि शिकागोचा एक वकील, जॉर्ज रेमस, सिनसिनाटीला येऊन बसला. औषधी व्हिस्की कायदेशीर होती, म्हणून त्याने डिस्टिलऱ्या आणि औषध कंपन्या विकत घेतल्या, आणि आपल्याच माणसांकरवी आपल्याच मालाच्या ट्रकवर दरोडे घालायला लावले, म्हणजे माल काळ्या बाजारात विकायला मोकळा.

भाऊ रेमसवर खूश. बघ, बंदी म्हणजे हेच! पण रेमसच्या आधीचा तो १००० डॉलरचा कर त्याला दिसत नाही. तेव्हा गुत्तेवाल्याच्या उरावर कारखाना बसलेला होता, आज आपल्याकडे तिथे राज्याची तिजोरी आहे. २०२५ च्या जूनमध्ये सरकारने उत्पादन शुल्क वाढवलं, जुलैत बारवाल्यांनी एक दिवस बंद पाळला, आणि चर्चा झाली ती तिजोरीत किती पडणार आणि धंद्याला किती लागणार याची. जो विकतो त्याच्यावर जास्त विकायची सक्ती कशाने येते, हे कोणी विचारलं नाही. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर गावातलं दुकान बंद होतं, हा आपला कायदा मला चांगला वाटतो. पण तो दुकान आडवं करतो, त्याच्यामागचा हिशेब उभाच राहतो. आणि मी दुकान उघडं ठेवायच्या बाजूचा असलो तरी हा हिशेब असाच चालू द्यायच्या बाजूचा नाही, हे भावाला अजून पटवता आलेलं नाही.

रविवारी मामीला फोनवर हिल्सबरोचं सांगितलं. डिसेंबरात, बर्फात, म्हणाल्यावर ती "अगं बाई" म्हणाली. मग विचारलं, "मंग उघडली का रे बाबू तिथली दुकानं?"

"उघडली मामी. चौदा वर्षांनी, १९३३ ला."

ती जरा वेळ गप्प.

"चौदा," म्हणाली. "आमची तं सहाच टिकली."