“वय झालंय” म्हणून सोडू नका : ऑक्सिजनच्या त्या फॉरवर्डला उत्तर

नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय, सीओपीडी (म्हणजे दम लागणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) हा फक्त छातीचा आजार, पेशंट विसरतो ते वयामुळे. घरी ऑक्सिजन लावला की त्याची सवय लागते. ऑक्सिमीटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचं रीडिंग ९५ टक्क्यांच्या खाली गेलं की मेंदूच्या पेशी मरतात म्हणून ऑक्सिजनचं मशीन फुल ठेवा. आणि मशीन नसेल तर कापूर, ओवा, लवंगेची पुरचुंडी हुंगा. माझ्या आईला सीओपीडी आहे, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा, विसरण्याचा. आईने आयुष्यात विडी ओढली नाही, पण कराडजवळच्या आमच्या गावी तीसेक वर्षं चुलीपुढे बसून फुंकणी फुंकली, आणि सीओपीडी त्या धुरानेही होतो. दोन वर्षांपूर्वी ती आमटीत दोनदा मीठ घालायला लागली, तेच तेच विचारायची, सकाळी उठली की डोकं दुखतंय म्हणायची, दुपारभर पेंगायची, आणि आम्ही सगळे म्हणत राहिलो की वय झालं आता. डॉक्टरांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ८४. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण बसल्या जागी शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं त्यातला साधारण २० टक्के एकटा मेंदू घेतो, मग महिनोन्‌महिने पुरवठा कमी पडला की लक्ष लागणं, आठवणं, हिशोब, निर्णय हे सगळं मंदावतं. अर्थात प्रत्येक विसराळूपणा ऑक्सिजनमुळे नसतो, डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंशही असू शकतो, पण छातीचा पेशंट असेल तर आधी हे तपासा ना!

सवयीचं म्हणाल तर ऑक्सिजन दारूसारखा नाही. मशीन काढलं की त्रास होतो तो फुफ्फुसं मुळात कमी पडतात म्हणून. १९८१ साली ब्रिटनमध्ये सीओपीडीच्या पेशंटवर झालेल्या अभ्यासात रोज १५ तास ऑक्सिजन घेणाऱ्या ४२ जणांपैकी पाच वर्षांत १९ गेले, न घेणाऱ्या ४५ पैकी ३०. केवढा फरक आहे हा! मात्र हे रक्तातला ऑक्सिजन खूपच कमी असलेल्यांबद्दल, म्हणजे साधारण तब्येत स्थिर असताना, बसल्या जागी ८८ किंवा खाली. २०१६ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात ८९ ते ९३ वाल्यांना घरच्या ऑक्सिजनचा फायदा दिसला नाही, म्हणून उगाच कर्ज काढून मशीन आणू नका.

९५ च्या खाली पेशी मरतात हे तर साफ खोटं. लेहला साडेतीन हजार मीटरवर आपले लोक फिरायला जातात, तिथे पहिल्या दिवशी धडधाकट माणसाचं रीडिंगही नव्वदच्या खाली येतं.

आणि “फुल ठेवा” हे सगळ्यात घातक, मी हात जोडून सांगते. सीओपीडीच्या काही पेशंटच्या अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यांना भरमसाठ ऑक्सिजन दिला की तो अजून वाढतो, माणूस गुंगीत जातो, हात पुढे धरले तर पंजे फडफडतात, बेशुद्धही पडू शकतो, आणि ऑक्सिमीटरवर मात्र ९८ दिसतं म्हणून घरचे निर्धास्त! हा वायू ऑक्सिमीटरला कळतच नाही, त्यासाठी मनगटातून धमनीचं रक्त काढून एबीजी ही रक्तातल्या वायूंची तपासणी करतात, आईचीही केली. अशा पेशंटला ८८ ते ९२ मध्येच ठेवतात. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात अँब्युलन्समधल्या पेशंटवर अभ्यास झाला, २०१० साली छापून आला, त्यात असा मोजून ऑक्सिजन दिलेल्यांमध्ये मृत्यू बरेच कमी होते. आईचं मशीन मिनिटाला २ लिटरवर असतं, रोज सोळा तास, नॉब आम्ही मनाने फिरवत नाही. सगळं परत आलं नाही, नावं अजून विसरते, पण सकाळचं डोकं दुखणं थांबलंय आणि दुधाचा हिशोब पुन्हा तीच ठेवते.

राहिली पुरचुंडी. कोरोनातही ती फिरली होती. कापराने नाकात गार वाटतं, श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. आणि काहीजण तोच कापूर खोलीत जाळतात. मशीन चालू असलेल्या खोलीत कापूर, उदबत्ती, निरांजन काहीच पेटवू नका, ऑक्सिजनमध्ये आग भडकते, आणि धूर पुन्हा त्याच छातीत जातो. आमच्याकडे देवाचा दिवा आता पलीकडच्या खोलीत असतो, आई नळी काढून तिकडे जाऊन हात जोडून येते.