कोलोरॅडोचा हिशेब चुकला, पण शास्त्रज्ञांमुळे नव्हे

अमेरिकेतली कोलोरॅडो नदी आटत चालल्याची बातमी आली की तिच्यामागोमाग एक दावा फिरू लागतो: 'शंभर वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनी या नदीचं पाणी चुकीचं मोजलं. तेव्हाचं विज्ञानच तोकडं होतं, पुढे काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून आज सात राज्यं पाण्यावरून भांडताहेत.' वाचताना पटतं, पण ज्या माणसांनी त्या नदीवर हाल सोसून मोजमापं केली, त्यांच्यावर हा धडधडीत अन्याय आहे.

आधी 'तोकडं विज्ञान'. भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी अमेरिकेच्या यादवी युद्धात उजवा हात गमावला होता. 1869 च्या मे महिन्यात ते स्वतःसह दहा जण आणि चार होड्या घेऊन कोलोरॅडोला मिळणाऱ्या ग्रीन नदीत उतरले. लोडोर दरीत एक होडी खडकांवर फुटली. उंची मोजायचे बॅरोमीटर तिच्यातच होते आणि ते नसतील तर पुढच्या नोंदींना अर्थच उरला नसता. सोबती त्या उसळत्या पाण्यात पुन्हा गेले आणि अडकलेल्या अवशेषातून ते काढून आणले. मोहीम संपली तेव्हा दहातले सहाच सोबत उरले होते.

पॉवेलनी नदीत किती पाणी वाहतं ते मोजलं नव्हतं, हे मान्य. ते काम पुढे 1888-89 च्या हिवाळ्यात न्यू मेक्सिकोत रीओ ग्रांदे नदीकाठी एम्बुडो इथे सुरू झालं. पॉवेल तेव्हा भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे प्रमुख होते, आणि त्यांच्या खात्यातली तरुण मंडळी तिथे प्रवाह मोजायला शिकली. नदीची रुंदी पट्ट्यापट्ट्यांत वाटायची, प्रत्येक पट्ट्यात खोली आणि वेग घ्यायचा, गुणाकार करून बेरीज मांडायची. पुढे जगभर हीच रीत रुळली. तोकडं म्हणायचं ते याला?

आता 'कुणालाच ठाऊक नव्हतं'. कोरड्या पश्चिमेतल्या जमिनीचा थोडाच भाग ओलिताखाली येईल, हे पॉवेलनी 1878 च्या अहवालातच लिहिलं. 1893 मध्ये लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत त्यांनी भर सभेत बजावलं की एवढ्या जमिनीला पुरेल इतकं पाणीच नाही, तुम्ही भांडणं आणि कोर्टकचेऱ्यांचा वारसा रचताय. सभेनं त्यांची हुर्यो उडवली. 1916 मध्ये त्याच खात्यातल्या ई. सी. लारू यांनी खास कोलोरॅडोवर अहवाल लिहिला आणि खोऱ्यातल्या सगळ्या ओलितयोग्य जमिनीला नदी पुरणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. हे सारं सात राज्यांनी नदीचं पाणी वाटून घेतलं त्या 1922 च्या कराराआधीचं, आणि दोन्ही अहवाल तर सरकारनंच छापलेले!

राहिलं 'चुकीचं मोजलं'. यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच दावा तग धरतो. करारात वरच्या आणि खालच्या खोऱ्याला वर्षाला 75-75 लाख एकर-फूट (एकरभर जमिनीवर फूटभर उंच साचेल तेवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट) पाणी दिलं गेलं. आपल्या भाषेत दोन्ही मिळून साधारण 650 टीएमसी, म्हणजे सहा कोयना धरणं भरतील एवढं. मेक्सिकोचे 15 लाख 1944 च्या तहानं वर आले. हिशेबाचा आधार होता विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा काळ, आणि ती वर्षं नेमकी भरपूर पाण्याची होती. झाडांच्या खोडातल्या वाढीच्या वर्तुळांवरून 1976 मध्ये काढलेली दीर्घकालीन सरासरी 135 लाखांच्या आसपास निघाली. पण चांगल्या वर्षांवरून कायमचं वाटप ठरवणं हा मापकाचा दोष नाही, तो वाटाघाटीला बसलेल्यांचा निर्णय होता. सात राज्यांना प्रत्येकी भरघोस वाटा घरी न्यायचा होता, त्याला मोठा आकडा सोयीचा होता. ज्या आदिवासी जमाती त्या नदीवर पिढ्यान्‌पिढ्या जगत होत्या, त्यांना तर बैठकीत जागाच नव्हती.

नंतर तरी आकडे तपासायची संधी नव्हती का? होती. 1928 मध्ये निवृत्त जनरल सिबर्ट यांच्या अध्यक्षतेखाली अभियंते आणि भूवैज्ञानिकांचं मंडळ नेमलं गेलं. जुन्या कोरड्या वर्षांचा विचार करून त्यांनी सांगितलं की नदीत पाणी कमी धरायला हवं. अहवाल अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, हाती होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आजच्या हूवर धरणाचा कायदा मंजूर झाला आणि 21 तारखेला त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. वाटपाचे आकडे जसेच्या तसे राहिले.