‘मांजर आपोआप परत येते, शोधू नका’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

मांजर हरवल्याची पोस्ट कुठल्याही ग्रुपवर पडली की तासाभरात कुणीतरी एक ठरावीक मेसेज टाकतंच. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर साधारण असा असतो: मांजर माणसाला नाही, घराला धरून असते, दोन-तीन दिवस वाट पाहा, आपोआप येईल. हाका मारून पाहा, ओ दिली नाही तर ती त्या भागात नाही, लांब गेली असं समजा. वापरलेलं लिटर (मांजरीच्या शी-शूच्या ट्रेमधली वाळू) दाराबाहेर ठेवा, दीड किलोमीटरवरून वास ओळखून येते. कातडीखाली ओळखीची चिप बसवलेली असेल तर लोकेशन कळतं. म्हातारी किंवा आजारी असेल तर ती मरायला बाहेर पडली आहे, शोधू नका. आठवडाभरात आली नाही तर आशा सोडा.

पाठवणाऱ्याला धीर द्यायचा असतो, हे मला मान्य आहे. पण हा मेसेज वाचून लोक नेमके सुरुवातीचे दिवस घरात बसून घालवतात, आणि मांजर सापडण्याची शक्यता याच दिवसांत सगळ्यात जास्त असते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

‘आपोआप येते’ यात तथ्य अजिबात नाही असं नाही. अमेरिकेत 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, परत मिळालेल्या मांजरींपैकी 59 टक्के स्वतःहून घरी आल्या होत्या आणि 30 टक्के आसपास शोधल्यामुळे सापडल्या होत्या. मेसेजवाले पहिला आकडा धरून बसतात. पण रोज बाहेर हिंडणारी मांजर आणि कधीच बाहेर न पडलेली मांजर यांना एकाच मापाने मोजता येत नाही. कोकणातल्या कौलारू घरातली मनी रोज रात्री बाहेर पडते, तिला गडगे, आंब्याची झाडं, शेजारची पडवी सगळं पाठ असतं. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मांजरीचे पाय जमिनीला कधी लागलेलेच नसतात. जिन्याखालची जागासुद्धा तिला परकी. ‘वाट पाहा’ म्हणताना समोरची मांजर यातली कोणती, हे कुणी विचारतच नाही.

2018 साली 1210 हरवलेल्या मांजरींच्या पालकांकडून प्रश्नावली भरून घेऊन केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात 61 टक्के मांजरी सापडल्या. 34 टक्के मांजरी पहिल्या सात दिवसांतच पालकांना जिवंत मिळाल्या होत्या. 90 दिवसांनंतर जिवंत सापडलेल्या फारच थोड्या. आणि सापडलेल्यांपैकी 75 टक्के मांजरी जिथून निसटल्या तिथून 500 मीटरच्या आत होत्या. फक्त घरात राहणाऱ्यांचं अंतर तर आणखी कमी: त्यांच्यातल्या तीन-चतुर्थांश 137 मीटरच्या पलीकडे गेल्याच नव्हत्या. प्रत्यक्ष फिरून शोधल्याने मांजर जिवंत सापडण्याची शक्यता वाढते, असंही त्यात दिसलं. तो पुरावा निर्विवाद म्हणण्याइतका भक्कम नव्हता, आणि प्रश्नावली लोकांनी आपणहून भरलेली होती, हेही सांगायला हवं. पण 137 मीटर म्हणजे शहरात किती? तुमची बिल्डिंग, शेजारची बिल्डिंग आणि मधली गल्ली. एवढा भाग एका संध्याकाळी कोपरान् कोपरा पाहून होतो. तिथे तीन दिवस थांबायचं कारण काय?

थांबण्याची किंमत मांजर मोजते. काही दिवस पोटात अन्न गेलं नाही तर मांजरीच्या यकृतात चरबी साचून ते निकामी होऊ लागतं, आणि अंगाने भरलेल्या मांजरीला हा धोका जास्त असतो. ‘मांजर काय, उपाशी राहू शकते’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता हाकेचा मुद्दा. माझ्या मते या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच, कारण तो ऐकून लोक योग्य जागेवरून निघून जातात. जपानमधल्या संशोधकांनी 2013 साली घरातल्या मांजरींना अनोळखी माणसांचे आणि पालकाचे आवाज ऐकवले. पालकाचा आवाज त्या ओळखत होत्या, कान टवकारत होत्या, मान वळवत होत्या. पण उठून येणं किंवा ओरडून उत्तर देणं जवळजवळ नव्हतंच. हे आपल्याच घरात, निवांत बसलेल्या मांजरींचं. घाबरलेली मांजर तर शिकार होऊ नये म्हणून जीव मुठीत धरून गप्प बसते. अमेरिकेत पोलिसांच्या श्वानपथकातून हरवलेले प्राणी शोधण्याच्या कामाकडे वळलेल्या कॅट अल्ब्रेक्ट यांनी हे मौन वर्षानुवर्षं बजावून सांगितलं आहे: मांजर तुमच्यापासून हातभर अंतरावर असेल आणि तरी हूं की चूं करणार नाही.

आमच्याच सोसायटीत हे घडलेलं मी पाहिलं आहे. मीटर रूमच्या दारात उभी राहून एक ताई ‘चिमे, चिमे’ म्हणून रडवेल्या आवाजात हाका मारत होत्या. आतून काही आवाज नाही, म्हणून त्या गेटकडे निघाल्या होत्या. वॉचमनने टॉर्च आपल्या डोळ्यांच्या रेषेत धरून आत मारला तर जुन्या होर्डिंगच्या फळ्यांमागे दोन हिरवे ठिपके चमकले. फळी सरकवली तेव्हा चिमी भिंतीला इतकी चिकटून बसली होती की कान पाठीमागे सपाट झाले होते, मिशांना कोळिष्टकं लागली होती. उचलून घेतल्यावरही ती ओरडली नाही. लिफ्टमध्ये शिरल्यावर पहिल्यांदा आवाज काढला.

म्हणून हाक मारा, तिला तुमचा आवाज ऐकू द्या, पण उत्तराची अपेक्षा ठेवू नका. डोळ्यांनी शोधा. जिन्याखालची अडगळ, पाण्याच्या पंपाची खोली, डक्ट, गच्चीवरच्या टाकीमागचा सांदा, पार्किंगमधल्या गाड्यांखाली आणि बॉनेटच्या आत, बंद दुकानाच्या शटरमागे, रंगकाम चाललेल्या रिकाम्या फ्लॅटमध्ये. लिफ्टच्या खड्ड्यात स्वतः उतरू नका, लिफ्टच्या माणसाला बोलवा. शेजारी ‘आमच्याकडे नाही हो’ म्हणतात ते खोटं नसतं, पण त्यांनी पलंगाखाली वाकून पाहिलेलं नसतं. विनंती करून स्वतः बघा. आणि रात्री दोन-तीन वाजता, रहदारी थांबल्यावर, टॉर्च घेऊन पुन्हा एक फेरी मारा. दिवाळीत फटाक्यांनी बिथरून पळालेल्या मांजरी बहुतेक याच वेळी हलतात.

मांजर खिडकीतून किंवा बाल्कनीतून पडली असण्याची शंका असेल तर वाट पाहायचा प्रश्नच येत नाही. ‘मांजर चार पायांवर पडते, तिला काही होत नाही’ हेही याच मेसेजचं भावंड. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्कमध्ये इमारतींवरून पडलेल्या 132 मांजरींच्या नोंदी तपासल्या गेल्या. उपचार मिळालेल्यांपैकी 90 टक्के वाचल्या, हा आकडा सगळे सांगतात. त्यातले ‘उपचार मिळालेल्या’ हे शब्द मात्र गाळतात. छातीला मार, फुटलेला जबडा, मोडलेले पाय अशा दुखापती त्यांना होत्या. अशी मांजर पडलेल्या जागेच्या आसपासच्या पहिल्या आडोशाला शिरते. शोध तिथून सुरू करा.

लिटरबद्दल थोडक्यात. दीड किलोमीटरचा आकडा कुठून आला ते कुणीच सांगत नाही. त्या वासाने आसपासचे बोके मात्र येऊ शकतात, दारावर मुतून हद्द आखू शकतात, आणि तुमची भेदरलेली मांजर आणखी लांब सरकू शकते. त्यापेक्षा ती झोपते ती न धुतलेली चादर दाराशी ठेवा, रात्री दार किलकिलं ठेवून जागं राहा, आणि बोंबील किंवा सुकट भाजून तिच्या नेहमीच्या ताटलीत ठेवा. ताटली नजरेआड करू नका. नाहीतर कुत्री आणि घुशी जमतील.

चिपमुळे लोकेशन कळत नाही. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिच्यात बॅटरी नसते, फक्त 15 आकडी क्रमांक असतो, आणि तो वाचायला रीडर मांजरीच्या अंगाजवळ न्यावा लागतो. चिप उपयोगाची आहे, पण कुणीतरी मांजर डॉक्टरांकडे नेल्यावर. फ्लोरिडातली होली नावाची मांजर 2012 च्या अखेरीस सुमारे 200 मैलांवरून आपल्या गावी पोहोचली, तेव्हा ती तिचीच, हे चिपमुळे सिद्ध झालं. होलीची बातमी जगभर गेली कारण असं क्वचित घडतं. तिच्या भरवशावर घरी बसू नका.

आणि ‘मरायला गेली’. हे आपल्याकडे आज्या-पणज्यांपासून ऐकत आलो आहोत, म्हणून ते खोडणं अवघड जातं. आजारी मांजर आडोसा शोधते, कारण अशक्तपणात उघड्यावर असणं तिच्यासाठी धोक्याचं असतं. ती लपते दुखतंय म्हणून. बोक्याची लघवी तुंबली तर तो खाणं सोडून अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतो. वेळेत डॉक्टरांकडे नेलं तर नळी घालून तो बहुतेक वेळा वाचतो, आणि नाही नेलं तर दोन-तीन दिवसांत जातो. त्याला ‘शांतपणे जाऊ द्या’ म्हणणं म्हणजे वाचण्यासारख्या जिवाला वेदनेत सोडणं आहे. आजारी मांजर हरवली तर निरोगी मांजरीपेक्षा जास्त घाईने शोधायला हवं.

राहिला आठवड्याचा मुद्दा. भूक-तहान अनावर झाल्यावर कितीतरी मांजरी लपलेली जागा सोडतात, म्हणजे तुम्ही शोध थांबवता तेव्हाच ती दिसू लागण्याची वेळ आलेली असते. 2018 च्या त्याच अभ्यासात, चौकस स्वभावाच्या मांजरी इतरांपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याच्या घरात सापडल्या. कुणीतरी दूध घातलेलं असतं आणि ती बेवारस समजून ठेवून घेतलेली असते. त्यामुळे दूधवाला, कचऱ्याच्या गाडीवरची माणसं, रात्रपाळीचे वॉचमन, रस्त्यावरच्या मांजरांना खाऊ घालणारे फीडर, या सगळ्यांना फोटो दाखवा. एखादी खूण, शेपटीच्या टोकाचा पांढरा ठिपका म्हणा, पोस्टरवर लिहू नका. सापडली म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला तीच विचारा. फीडरकडे पकडायचा पिंजरा असेल तर मागून घ्या. आणि पहिलं पोस्टर पावसाने भिजून फाटलं असेल तर नवीन लावा, या वेळी मागच्या गल्लीतही.